वाचकांचे प्रश्न : मांडव कोणाचा?

गणेशोत्सव आणि निवडणुकीचे वारे एकाच हंगामात आले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी वारसाहक्क, भाडेकरार आणि शुद्धलेखन यांविषयी विचारणारे वाचक एकाएकी धर्म आणि राजकारण यांच्या नात्याविषयी विचारू लागतात, आणि तेही बहुधा घरातल्या किंवा सोसायटीतल्या भांडणाचा संदर्भ देऊन. अशी सात पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रांतली आजच्या पक्षांची नावे गाळली आहेत. त्यामुळे मुद्द्याचे काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे आणि मी स्वतः माळकरी आहे. आमच्या वारीत राजकारण कधी नव्हते. माझा धाकटा मुलगा वारीला येत नाही, एकादशी धरत नाही. पण अमुक पक्षाला मत न देणारा माणूस धर्मद्रोही, असे मला जेवायला बसल्यावर सुनावतो. आम्हा दोघांत धार्मिक कोण? — एक वाचक, फलटण

उत्तर : धार्मिक कोण, याचा निवाडा करण्याचा अधिकार या सदराला नाही, आपल्या चिरंजीवांना नाही आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही नाही. आपण दोघे एकच शब्द दोन अर्थांनी वापरत आहात, एवढे मात्र दाखवता येईल. आपल्या लेखी धर्म म्हणजे करायची गोष्ट : पायाला फोड येईपर्यंत चालायचे, उपास धरायचा, दिंडीत समोर येईल त्याला माउली म्हणून त्याच्या पाया पडायचे, मग तो वयाने लहान का असेना. चिरंजीवांच्या लेखी धर्म म्हणजे असायची गोष्ट : आपण अमुक आहोत आणि समोरचा तमुक आहे. पहिल्या अर्थाला वेळ आणि शरीर खर्ची घालावे लागते, दुसऱ्याला फक्त बाजू घ्यावी लागते. राजकीय विचारसरणीला हा दुसरा अर्थ सोयीचा पडतो, कारण मतदारयादीत उपास मोजता येत नाहीत, डोकी मोजता येतात. तरीही मुलाची थट्टा करू नये. आपण कोणाचे तरी आहोत ही भावना खरी असते, आणि ती पुष्कळदा भीतीतून आलेली असते.

‘आमच्या वारीत राजकारण कधी नव्हते’ या आपल्या वाक्याशी मात्र सहमत होता येत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे सारखे, ही शिकवण कितीतरी जुनी. पण ती देवळाच्या दाराशी येऊन थांबत असे. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर, बाहेरच आहे. अस्पृश्यांना आत जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता यावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले आणि मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी ते सुटले. उपोषण हे त्या काळच्या राजकारणातले हत्यार होते आणि मंदिरप्रवेश हा कायदेमंडळात पोहोचलेला विषय होता. आज आपल्या दिंडीतला कोणताही माणूस रांगेला लागून गाभाऱ्यापर्यंत जाऊ शकतो, त्यामागे ते राजकारण आहे.

प्रश्न : टिळकांनी देव्हाऱ्यातला गणपती रस्त्यावर आणला आणि तिथूनच महाराष्ट्रात धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ सुरू झाली, असे माझे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही, पण नेमके उत्तरही देता येत नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि त्या अर्ध्याचेही वर्ष चुकले आहे. रस्ता आधीच रिकामा नव्हता. भाऊसाहेब रंगारी यांचा सार्वजनिक गणपती १८९२ पासूनचा मानला जातो, तर गुरुजी तालीम मंडळाची परंपरा आपला गणपती १८८७ चा आहे असे सांगते आणि त्याच्या स्थापनेत हिंदूंबरोबर एका मुसलमान कुटुंबाचाही हात होता हेही अभिमानाने सांगते. पहिला मान कोणाचा यावरचे भांडण पुण्यात अजून मिटलेले नाही आणि ते मिटवण्याचे धाडस हे सदर करणार नाही.

सरमिसळ पाहायची असेल तर टिळकांचा उत्सव १८९३ चा धरून त्याच्याही दोन वर्षे मागे, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याकडे जावे. मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा, दहावरून बारावर नेणारा हा कायदा. आज वाचताना अंगावर काटा येतो, की वाद होता तो दहा की बारा एवढाच होता. डॉ. भांडारकर धर्मशास्त्राचे आधार काढून सांगत होते की कायदा धर्माच्या आड येत नाही. आगरकरांचे म्हणणे असे, की शास्त्र काहीही म्हणो, मुलीवर अन्याय होत असेल तर तो थांबवला पाहिजे. टिळक विरोधात उभे राहिले. पण त्याच टिळकांनी आदल्या वर्षी सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता, की ज्यांना सुधारणा हवी त्यांनी स्वतःवर बंधने घालून घ्यावीत : मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचे विसाच्या आत करू नये, विधवेचे केशवपन करू नये. म्हणजे सरकार बारा म्हणत होते त्या वेळी टिळकांच्या कागदावर सोळाचा आकडा होता. तेव्हा निदान टिळकांपुरता तरी खरा वाद वयाचा नव्हता, ते ठरवणार कोण याचा होता. परक्या सरकारने आमच्या घरात ठरवायचे नाही, ही राजकीय भूमिका होती. ती मांडली गेली धर्माच्या भाषेत, आणि त्या भाषेच्या आडोशाला असे पुष्कळ लोक येऊन उभे राहिले ज्यांना सोळाही नको होते आणि बाराही नको होते. याची किंमत त्या मुलींनी मोजली. टिळकांविषयी कितीही आदर असला तरी हे वाक्य गाळता येत नाही.

धर्माचीच भाषा का, याचे एक रोकडे कारण आहे. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात सरकार प्रजेच्या धर्मात हात घालणार नाही असे वचन होते. सत्तावन्नच्या उठावात पोळलेल्या सरकारला ते पाळणे भाग होते. सभा भरवली तर पोलीस येणार, पत्रात लिहिले तर खटला होणार. पण आरतीला जमलेल्या हजार माणसांना पांगवताना साहेबाला दहा वेळा विचार करावा लागे. ज्या राज्यकर्त्याने धर्म हा हात न लावण्याचा विषय ठरवला, त्यानेच राजकारणाला धर्माच्या छपराखाली जायला शिकवले. मित्रांच्या हिशेबातून नेमका हा भाग सुटतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८९३ साली आधी प्रभासपाटणला आणि मग ऑगस्टमध्ये मुंबईत दंगली झाल्या. त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत, सोंगे घेत, वाजवायला जात. १८९४ पासून मेळ्यांच्या पदांतून उघडपणे सांगितले जाऊ लागले, की ताबूत सोडा, आपल्या देवाकडे या. मेळा म्हणजे एकसारखे कपडे घातलेली, लेझीम-टिपऱ्या घेऊन पदे म्हणत गल्लोगल्ली फिरणारी पोरांची टोळी. जुन्या पुणेकरांच्या आठवणीत मेळे येतात ते चालींसाठी. त्या चालींवर कोणाविरुद्ध काय गायले जात होते, ते आठवणीतून बहुधा गळून जाते. उत्सव जोडण्यासाठी होता हे खरे, आणि जोडताना कोणापासून तरी तोडत होता हेही खरे. ही तोड सगळीकडे सारखी झाली नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या उंच ताबुतांत आजही हिंदूंचे मान आहेत, आणि कुरुंदवाडला काही मशिदींत गणपती बसतो. तिथल्या लोकांना यात राष्ट्रीय ऐक्य वगैरे काही वाटत नाही; गावाची रीत आहे, म्हणून ती चालते.

आता मांडव एकदा उभा राहिला, की त्यात कोण येणार हे उभारणाऱ्याच्या हाती राहत नाही. मेळ्यांतली पदे सरकारवर घसरू लागली तेव्हा सरकारने मेळ्यांवर बंधने आणली. जाहीरनाम्यातले वचन तिथे फारसे आड आले नाही. पुढे १९२० च्या दशकात केशवराव जेध्यांच्या छत्रपती मेळ्याने त्याच उत्सवात, त्याच देवापुढे, ब्राह्मण पुढाऱ्यांवर टीकेची झोड उठवली. मुंबईत दादरला १९२६ साली प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, की गणपती सार्वजनिक आहे, वर्गणी सगळ्यांकडून घेता, तर अस्पृश्याने पूजा का करू नये? सार्वजनिक या शब्दाचा अर्थ इतक्या सरळ रीतीने क्वचितच कोणी विचारला असेल.

मित्रांना एक उलट प्रश्न विचारून पाहा. धर्माने राजकारणाचे काय केले, हे सगळे विचारतात. राजकारणाने श्रद्धेचे काय केले? घरचा गणपती कुठे दीड दिवसाचा, कुठे पाच, कुठे गौरींबरोबर जाणारा. ज्याचा त्याचा कुळाचार. रस्त्यावरचा मात्र दहा दिवसांचा, अनंत चतुर्दशीचा, आणि आज लहान मुलाला गणपती किती दिवसांचा असे विचारले तर ते दहाच म्हणते. मानाचा पहिला कोण, मिरवणुकीत पुढे कोण, कोणाचा देखावा मोठा, हे सगळे हिशेब देव्हाऱ्यात नव्हते. ते निवडणुकीच्या जातीचे हिशेब आहेत.

आणि ज्यांच्या नावाने हा सारा वाद चालतो, त्या टिळकांनीच १९१६ च्या लखनौ करारात मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. १८९४ चे टिळक आणि १९१६ चे टिळक यांतले एकच घेऊन बोलणारा माणूस भेटला, तर दुसऱ्याचे वर्ष त्याला हळूच सांगावे.

प्रश्न : शेजारच्या मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तकात आकडा आधीच लिहून आणतात आणि तेवढी वर्गणी दिली नाही तर ‘हिंदू आहात ना?’ असे विचारतात. काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. तेव्हा प्रथम परवानगीचा कागद पाहायला मागावा. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज खाली येतो. धमकी दिली तर पोलिसांत तक्रार करता येते. ‘हिंदू आहात ना?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचे कारण नाही, कारण तो विचारणाऱ्याला उत्तर नको असते, आकडा हवा असतो. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या कमानीवर गेल्या वर्षी पुढाऱ्याचा चेहरा गणपतीच्या चेहऱ्यापेक्षा दुप्पट मोठा होता आणि शुभेच्छुकांत एकोणीस फोटो होते. मी आरतीला उभा राहून मोजले. देवाने रागावू नये.

प्रश्न : बाबासाहेबांचे धर्मांतर धार्मिक होते की राजकीय? आमच्या वसतिगृहात यावर रात्रभर वाद झाला. — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : वाद रात्रभर चालला, कारण दोन्ही पक्षांकडे पुरावा आहे. राजकीय म्हणणारे काळाराम मंदिराचा सत्याग्रह दाखवतील, जो २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. ते येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणाही दाखवतील, जिच्यानंतर वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी बाबासाहेबांकडे रीघ लावली. ते धर्मगुरू संख्येचा हिशेब करत होते हे उघड आहे. पण निव्वळ राजकारण असते तर बाबासाहेबांनी त्याच वर्षी सौदा केला असता, कारण भाव तेव्हाच सर्वांत चढा होता. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, वाट पाहिली, वाचन केले, आणि संख्येच्या राजकारणात ज्याचा भारतात त्या वेळी फारसा उपयोग नव्हता असा धर्म निवडला.

शिवाय एका कागदाकडे लक्ष द्यावे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला, शिखांचे अपवाद सोडता, अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. म्हणजे दीक्षाभूमीवर पांढरी वस्त्रे नेसून उभ्या असलेल्या लाखो माणसांनी त्या दिवशी श्रद्धेबरोबर आपल्या सवलतीही पणाला लावल्या होत्या. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत अर्जावरच्या ‘धर्म’ या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न घराघरांत पडत होता. बाप सभेत बौद्ध म्हणून उभा राही आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जुनीच नोंद असे. त्याला ढोंग म्हणणे सोपे आहे. ज्या राज्यसंस्थेने श्रद्धा बदलण्याचा दंड ठेवला तिला काय म्हणायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा आपल्या वादाचे उत्तर असे, की ‘की’ हा शब्दच चुकीचा आहे. माणूस म्हणून ताठ उभे राहता येणे ही ज्यांच्यासाठी धर्माची पहिली अट होती, त्यांना ती अट राजकारणाशिवाय मांडताच येत नव्हती.

प्रश्न : निवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागण्यास कायद्याने बंदी आहे ना? मग हे सगळे उघड चालते कसे? — एक वाचक, मुंबई

उत्तर : बंदी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या आधारावर मते मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. ते सिद्ध झाले तर निवडणूक रद्द होते आणि दोषी व्यक्तीला सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. हा कायदा कागदावरच राहिला असेही नाही, आणि आपल्याला तर दाखला शोधायला आपल्या शहराबाहेरही जावे लागणार नाही. विलेपार्ले मतदारसंघात डिसेंबर १९८७ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ते कायम केले. पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला.

आता गंमत पाहा. त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, मनोहर जोशींच्या १९९० च्या दादरमधल्या निवडीचाही निकाल लागला. प्रचारसभेत ते म्हणाले होते, की पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हे विधान कितीही निंद्य असले तरी ती फार तर एक आशा आहे, धर्माच्या आधारावर मतांची मागणी नव्हे. आणि निवड वाचली. निकाल लागला तेव्हा जोशी मुख्यमंत्री होते. हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असे न्यायालयाने म्हटल्याचा जो दाखला सतत दिला जातो, तो याच दिवसाच्या निकालांतला. तो देणारे पुष्कळ लोक एवढे सांगायचे विसरतात, की त्याच निकालात एका उमेदवाराची आमदारकी गेली.

सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या दुसऱ्या एका प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवले, की कलमातला ‘त्याचा धर्म’ म्हणजे फक्त उमेदवाराचा धर्म नव्हे, मतदाराचाही. निवडणूक १९९० ची आणि शब्दाचा अर्थ ठरला २०१७ मध्ये. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून दोन दशके उलटली होती.

आपल्या ‘चालते कसे’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. न्यायालय तपासते ते ठरावीक उमेदवाराच्या प्रचारात, ठरावीक दिवशी, कोणत्या वाक्याने मत मागितले ते. विचारसरणी अशी पंधरा दिवसांत पेरली जात नाही. ती पाच वर्षे जयंत्या, यात्रा, सप्ताह, देखावे आणि फोनवर येणारे सुविचार यांतून मुरत असते, आणि प्रचार सुरू होईपर्यंत मागायचे काही उरलेलेच नसते. मागणीशिवाय मिळालेले मत कोणत्या कलमात बसवणार? कायदा आणखी कडक करा, अशी सूचना आपण पत्रात केली आहे. मला ती धोक्याची वाटते. मंदिरप्रवेश, देवदासी प्रथा, जातपंचायती, तलाक हे सगळे विषय धर्माचेही आहेत आणि राजकारणाचेही. धर्माचा उल्लेखच बंद केला तर त्या अन्यायाविषयी व्यासपीठावरून बोलणारा पहिला आत जाईल. अल्पमतातल्या तीन न्यायाधीशांनी नेमकी हीच काळजी व्यक्त केली होती.

प्रश्न : गोव्यातल्या १९६७ च्या जनमत कौलात हिंदूंनी फुलावर आणि ख्रिस्त्यांनी दोन पानांवर मते दिली, असे माझे वडील सांगत. ते स्वतः विलीनीकरणवादी होते. हे खरे आहे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या वडिलांनी जे पाहिले त्यात तथ्य आहे, हिशेब मात्र जुळत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने, १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. ख्रिस्ती समाज तेव्हा गोव्याच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांच्या आत होता. तो एकजुटीने दोन पानांच्या मागे उभा राहिला असे धरले, तरी बाकीची मते आली कुठून? हिंदूंच्या चांगल्याच मोठ्या भागाने विलीनीकरण नाकारल्याशिवाय हा निकाल लागूच शकत नव्हता.

फुलामागची गर्दी तरी निव्वळ धर्माची होती का? भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जोर बहुजन समाजात होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणाऱ्या कुळाला आणि त्याच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला विलीनीकरण म्हणजे आपल्या डोक्यावरचा मालक जाईल अशी आशा वाटत होती, आणि तो मालक काही गावांत ख्रिस्ती होता तसा काही गावांत सारस्वत हिंदू होता. भजन, कीर्तन आणि शाळा मराठीत, घरातले बोलणे कोंकणीत, असे जगणाऱ्या माणसाला तुझी भाषा कोणती असे विचारले गेले आणि उत्तराबरोबर त्याचा धर्मही गृहीत धरला गेला. जात, जमीन आणि भाषा या तिन्ही गोष्टींनी धर्माचा अंगरखा घातला होता. दोन महिन्यांतच, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या गोव्याने बांदोडकरांचे विलीनीकरण नाकारले त्याच गोव्याने बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आणला. वडील ज्यांना नुसते हिंदू मतदार म्हणत, त्यांच्यापैकी काहींनी जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरे केले असणार. अशी माणसे आपल्या घरात किंवा वाड्यावर कोणी होती का, हे विचारून पाहा. फोंड्यात ती असणारच.

प्रश्न : आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांनी सपत्नीक शासकीय महापूजा करणे धर्मनिरपेक्ष राज्यात बसते का? आणि त्यासाठी आम्ही तासन्‌तास रांगेत का थांबायचे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : थांबू नये असे माझे मत आहे, पण आपण थांबणार हे मला ठाऊक आहे.

पहिल्याचे उत्तर इतके सरळ नाही. पंढरपूरचे देवस्थान सरकारच्या अखत्यारीत आले ते १९७३ च्या कायद्याने. पूर्वापार बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांकडे असलेले वंशपरंपरागत हक्क त्याने संपवले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्यावर शेवटचा शिक्का मारला. म्हणजे सरकार इथे गाभाऱ्यात शिरले ते काही घराण्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी, आणि सामान्य वारकऱ्याला ते हवेच होते. पण एकदा आत शिरलेले सरकार व्यवस्थापनापाशी थांबत नाही. त्याला पूजाही करावीशी वाटते, आणि पूजेनंतर बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर पावसासाठी साकडे घातल्याचेही सांगावेसे वाटते. कठोर तत्त्वाने पाहिले तर व्यवस्थापन करणाऱ्या सरकारने यजमान होऊ नये असे मला वाटते. परंतु याच महापूजेत दर्शनरांगेतल्या एका वारकरी दांपत्याला मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीने पूजेचा मान मिळतो. रात्रभर रांगेत उभा असलेला शेतकरी आणि त्याची बायको पहाटे अचानक गाभाऱ्यात राज्याच्या प्रमुखाशेजारी बसतात, तेव्हा त्या दृश्याला निव्वळ देखावा म्हणायला जीभ रेटत नाही.

जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी मुख्यमंत्र्यांना पंढरपुरात पूजा करू देणार नाही असा इशारा दिला. देवेंद्र फडणवीसांनी जाणे टाळले आणि मुंबईत आपल्या बंगल्यावरच विठ्ठलाची पूजा केली. श्रद्धेच्या जागी जाऊन सत्ता आपले वजन वाढवते हे एकदा सर्वांना ठाऊक झाले, की सत्तेला त्या जागी येऊ न देणे हेही आंदोलनाचे हत्यार होते. यात आश्चर्य काही नाही. पंढरपुरात त्या वर्षीची महापूजा रांगेतून आलेल्या मानाच्या दांपत्याच्या हस्ते झाली, आणि नंतर दर्शनाची रांग नेहमीसारखी पुढे सरकू लागली.